ब्यूरिनचं पुनरागमन : १९२० नंतर मंडळी ड्यूररकडे का वळली, आणि ती रेघ कोरायची कशी?

ताम्रपट

१९२० ते १९४० मधली इंग्लिश छापचित्रं ओळीने पाहिली की एक विचित्र गोष्ट दिसते. त्याआधी चाळीसेक वर्षं एचिंगचं, म्हणजे आम्लाकडून तांब्यात रेघ खाऊन घेण्याचं, राज्य होतं. सेमूर हेडन यांनी १८८० मध्ये लंडनला एचिंग करणाऱ्या चित्रकारांची सोसायटी काढली, चित्रकार व्हिस्लरच्या ठशांना चित्रांच्या बरोबरीचा मान मिळाला, आणि ब्यूरिनने, म्हणजे पोलादी कोरणीने, थेट तांब्यात कोरायचं काम कारागिरांकडे राहिलं : नोटा, स्टँप, बुकप्लेट, नाहीतर दुसऱ्याच्या तैलचित्राची नक्कल. फोटोग्रॅव्ह्यूर, म्हणजे फोटोवरून छापायची प्लेट करण्याची पद्धत, आल्यावर नकलांचा धंदाही बसला.

आणि मग रॉबर्ट ऑस्टिन, स्टीफन गुडन, स्टॅनली अँडरसन ही माणसं आम्लाची बाटली बाजूला ठेवून चारशे वर्षं मागे जातात. शोनगाउअर, ड्यूरर, मान्तेन्या, हे पंधराव्या-सोळाव्या शतकातले तांब्यात कोरणारे जर्मन आणि इटालियन चित्रकार. तेही एचिंगला भाव असताना!

प्रश्न दोन. भिंगाखाली ठसा धरला तर कोरलेली रेघ आणि आम्लाने खाल्लेली रेघ यांत फरक कसा करायचा? आणि त्या पद्धतीची रेघ आज कोरायची तर हत्यार, पत्रा, शाई यांचं नेमकं गणित काय? 'सरावाने जमतं' हे उत्तर नको.

भिंगवाले

पहिला प्रश्न सोपा आहे. दहापट भिंग घ्या आणि रेघेचं टोक बघा.

ब्यूरिन तांब्यात शिरताना वरून खाली जातं आणि निघताना पुन्हा वर येतं. त्यामुळे रेघ दोन्हीकडे निमुळती, मध्ये फुगलेली, काठ वस्तऱ्याने कापल्यासारखे. एचिंगमध्ये सुईने फक्त मेणाचा थर खरवडलेला असतो, तांबं आम्ल खातं. ते सगळीकडे सारखंच खातं, म्हणून रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास एक, टोक बोथट, काठ किंचित खडबडीत. ड्रायपॉइंट, म्हणजे सुईने थेट तांब्यावर ओरखडलेली रेघ, असेल तर रेघेच्या बाजूला शाईची मखमली सावली दिसते, कारण तिथे तांब्याची उभी कड मुद्दाम ठेवलेली असते.

एक सावधगिरी. सतराव्या शतकापासून पुढच्या पुष्कळ प्लेटांमध्ये आधी एचिंग आणि वरून ब्यूरिन अशी सरमिसळ आहे. एकच रेघ बघून निकाल देऊ नका. सावलीतली, पार्श्वभूमीतली आणि चेहऱ्यावरची अशा तीन ठिकाणच्या रेघा तपासा.

गवाक्ष

'का वळली' याला एक ठिकाण आहे : रोम. ब्रिटिश स्कूल ॲट रोमने १९२० मध्ये एन्ग्रेव्हिंगची शिष्यवृत्ती सुरू केली. पहिली मिळाली जॉब निक्सनला, १९२२ मध्ये ऑस्टिनला. दोघेही लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फ्रँक शॉर्टच्या हाताखाली तयार झालेले.

पण रोमला गेलं म्हणून ब्यूरिन हातात येत नाही. नाव एन्ग्रेव्हिंगचं असलं तरी त्यात एचिंगही धरलेलं होतं, आणि निक्सनची इटलीतली गाजलेली कामं एचिंगचीच आहेत. ऑस्टिनही आधी एचिंगच करत होता. इटलीत असताना तो हळूहळू कोरण्याकडे सरकला. विषय तिथलेच, शेतकरी, बकऱ्या, भाविक बायका. रेघेची शिस्त मात्र न्यूरेंबर्गची, म्हणजे ड्यूररच्या गावची. १९२६ पासून तो रॉयल कॉलेजात शिकवू लागला, म्हणजे ही शिस्त पुढच्या पिढीत थेट वर्गातून गेली.

गुडनची वाट वेगळी. तो १९२३ च्या सुमारास ब्यूरिनकडे आला आणि पुस्तकांत रमला. नन्सच प्रेसच्या बायबलसाठी त्याने तांब्यावर कोरलेली पानं प्रसिद्ध आहेत. अँडरसन तर ब्रिस्टलमध्ये वडिलांकडेच, म्हणजे घराण्यांची कुलचिन्हं कोरणाऱ्या कारागिराकडे, उमेदवारी करून आलेला. त्याच्या बाबतीत 'पुनरुज्जीवन' हा शब्द जरा लंगडा पडतो. त्याच्या घरात ते मेलंच नव्हतं.

रेघोट्या

माझ्या मते मुख्य कारण विषय नाही, पुसणं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एचिंग छापताना प्लेटवर शाईचा पातळ थर मुद्दाम सोडायचे, किंवा मऊ कापड अलगद फिरवून रेघेतली शाई थोडी बाहेर ओढायचे. पॅरिसचा छापणारा ऑग्युस्त देलात्र यात उस्ताद. ठसा धुक्यात बुडवल्यासारखा सुंदर दिसतो, पण कच्चं रेखाटनही त्या धुक्यात लपतं.

ब्यूरिनवाल्यांनी प्लेट लख्ख पुसली. पांढरं ते पांढरं, काळं ते काळं. मधला राखाडी हवा असेल तर तो रेघांनीच विणायचा. अशा ठशात लपायला जागा नाही. ड्यूररचं १५१४ चं 'मेलेंकोलिया' जेमतेम २४ × १९ सेंमी आहे. त्यातला धातू, लोकर, कातडं, लाकूड हे सगळं फक्त रेघेच्या वळणाने आणि अंतराने वेगळं केलंय.

पाटावरवंटा

मला यात थोडा स्मरणरंजनाचा वास येतो. महायुद्ध संपलंय, सगळे 'पुन्हा शिस्तीकडे' म्हणतायत, आणि हे ड्यूररच्या कुशीत शिरतात. त्याच सुमारास पॅरिसमध्ये ब्यूरिन हातात घेणारे लोक पुढे बघत होते. फ्रेंच चित्रकार लाबूररने १९१६ मध्ये ब्रिटिश फौजेसोबत दुभाषा असताना युद्धाची छोटी चित्रं ब्यूरिनने कोरली, आणि ती क्युबिझमच्या हद्दीत आहेत. लुझमध्ये जन्मलेला जोसेफ हेक्ट प्राण्यांची चित्रं अशी कोरायचा की एका रेघेत अख्खा प्राणी उभा राही. १९२६ मध्ये स्टॅनली विल्यम हेटर त्याच्याकडून ब्यूरिन शिकला आणि पुढच्याच वर्षी त्याने स्वतःची कार्यशाळा काढली. तीच १९३३ नंतर 'अतेलिए १७' म्हणून ओळखली गेली, कांपान्य-प्रमिएर रस्त्यावरच्या १७ क्रमांकाच्या घरावरून.

रेघोट्या

पाटावरवंटा, हत्यार तेच, धार लावायची रीत तीच, प्लेट वाळूच्या पिशवीवर फिरवायची पद्धत तीच. ऑस्टिन ब्यूरिनला पदार्थाचा पोत सांगायला लावतो, हेटर त्याला मोकळं पळू देतो. दोघांनीही आम्लाचा मध्यस्थ काढला, एवढं तरी मान्य करा. (आणि ते 'लुझ' दुरुस्त करा, पोलंडमधलं वूच म्हणायचंय ना?)

पाटावरवंटा

वूच. दुरुस्ती मान्य, मध्यस्थही मान्य. 'ड्यूररच्या कुशीत' मात्र मागे घेत नाही.

गवाक्ष

गंमत म्हणजे ड्यूररनेही आम्ल वापरून पाहिलं होतं. १५१५ ते १५१८ दरम्यान लोखंडी पत्र्यावर सहा एचिंग केली आणि सोडून दिलं. लोखंडावर रेघ जाडीभरडी येते आणि पत्रा गंजतो.

अतेलिए १७ वरून आपल्याकडचा एक धागा : तिथे एकाच प्लेटवर वेगवेगळ्या चिकटपणाच्या शाया लावून रंगीत ठसा काढायची पद्धत विकसित झाली, त्यात हेटरबरोबर कृष्ण रेड्डी आणि मुंबईत जन्मलेले कैको मोती होते. ब्यूरिनच्या खोल-उथळ रेघांचा तिथे वेगळाच उपयोग झाला.

सहाण

आता हत्याराकडे येऊ. धार नसेल तर बाकी सगळी चर्चा व्यर्थ.

ब्यूरिन म्हणजे कडक पोलादाची चौकोनी छेदाची सळई, साधारण २.५ ते ३ मिमी जाडीची, टोकाकडे तिरपी कापलेली. मूठ अर्ध्या भोपळ्यासारखी, खालची बाजू सपाट कापलेली, म्हणजे हात प्लेटला जवळजवळ आडवा राहतो. मूठ तळहातात, तर्जनी सळईवर, अंगठा बाजूला प्लेटला टेकून. टोक बोटांच्या पुढे सुमारे २ सेंमी असावं. फार पुढे असेल तर ते थरथरतं, फार मागे असेल तर रेघ संपण्याआधीच मूठ प्लेटला अडते.

छेद दोन प्रकारचे. चौरस ब्यूरिन रुंद रेघेला आणि वळणाला बरं. शंकरपाळ्याच्या आकाराचं ब्यूरिन अरुंद, खोल, सरळ रेघेला. ते वळणावर नेलं तर आत अडकतं आणि टोक तुटतं. सुरुवातीला चौरसच घ्या.

धारेचा क्रम उलटा करू नका. आधी पोटाच्या, म्हणजे खालच्या दोन बाजू. त्या तेलाच्या दगडावर पूर्ण सपाट, टोकापासून किमान २ सेंमी. त्या दोन बाजू जिथे मिळतात ती कड हीच तुमची रेघ. तिथे गोलाई आली की तांबं कापलं जात नाही, नुसतं ढकललं जातं. त्यानंतर तोंडाचा तिरपा भाग, ४५ अंशांत. ३० अंश केला तर टोक सुईसारखं होतं, पहिल्या दहा मिनिटांत मोडतं. ६० केला तर टिकतं, पण जोर इतका लागतो की ताबा सुटतो. आधी मध्यम दगड, मग आर्कान्सासारखा गुळगुळीत कडक दगड, दोन थेंब हलकं तेल. दगडावर हत्यार छोट्या गोलात फिरवताना मनगट गच्च ठेवा. मनगट डुललं की तोंड सपाट न राहता फुगीर होतं.

सळई पूर्ण सरळ असेल तर पोटाला टोकाकडे अगदी थोडा, दोन ते पाच अंशांचा उचल द्या, नाहीतर सळई किंचित वर वाकवलेली घ्या. तो नसेल तर हत्यार एकदा आत घुसलं की बाहेर निघत नाही.

तपासणी अंगठ्याच्या नखावर. टोक अलगद टेकवा. घसरलं तर बोथट, जागच्या जागी रुतलं तर ठीक. भिंगातून टोकावर प्रकाशाचा ठिपका चमकताना दिसला तरी बोथटच. धारदार टोक चमकत नाही.

आणि विजेच्या चाकावर घासण्याचा मोह आवरा. टोक निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं. तेवढा भाग घासून काढण्याशिवाय इलाज नाही.

ताम्रपट

सहाण, हेच हवं होतं. पत्रा कुठला? विजेच्या कामाची तांब्याची पट्टी स्वस्तात मिळते, तिच्यावर चालेल का?

सहाण

सरावाला चालेल, पण ती तापवून मऊ केलेली असू शकते. मऊ तांबं हत्याराला च्युइंगमसारखं चिकटतं, रेघेच्या दोन्ही काठांवर जाड बर (वर आलेली धातूची कड) उभी राहते आणि रेघ फाटल्यासारखी दिसते. थंड लाटून कडक केलेला पत्रा मागा. जाडी १६ किंवा १८ गेज, म्हणजे १.६ किंवा १.२ मिमी. पितळ कडक असतं, हत्यार लवकर बोथटतं, पण सुरेख रेघ येते. जस्त नको. ठिसूळ आहे, रेघेचा काठ कुरतडल्यासारखा होतो.

प्लेट लख्ख पुसून छापायची असल्याने प्रत्येक ओरखडा छापला जाणार. पॉलिश पेपर पाण्यातून ४००, ६००, ८००, १२०० असा, दर वेळी दिशा काटकोनात बदलून. आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर नको. शेवटी धातूचं पॉलिश. चारही कडा कानसीने ४५ अंशांत उतरवा, कोपरे किंचित गोल. ही कड राहिली तर प्रेसखाली कागद फाटतो, आणि त्याहून महाग पडणारा ऊनी नमदा कापला जातो.

भांडीवाली_आळी

आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांवर नावं घालतात तेही याच जातीचं काम का?

सहाण

दिसायला जवळचं, तंत्राने वेगळं. भांड्यावर नाव घालताना छोट्या छिन्नीवर हातोडीचे ठोके देतात, ठिपक्या-ठिपक्यांची रेघ होते. तिथे धातू दबतो, निघत नाही. ब्यूरिनला हातोडी नाही. ढकलताना टोकापुढे तांब्याची बारीक कुरळी तार निघत राहते. ती तार अखंड निघतेय का यावरच नजर ठेवा. तुकडे पडत असतील तर धार गेली किंवा कोन चुकला.

गवाक्ष

पण तांब्यावर कोरून छापण्याचा मराठी मुलखाशी संबंध आहेच. मिरजेत १८०५ मध्ये छापलेली गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरूनच छापली होती, नाना फडणिसांच्या काळात पुण्यात सुरू झालेल्या खटपटीतून. छपाईचे खिळे (अक्षरांचे सुटे टाइप) नव्हते तेव्हा अक्षरं उलटी कोरणारे तांबट होते.

रेघोट्या

प्रत्यक्ष कोरण्याबद्दल. सरळ रेघ शिकायला चार दिवस, वळण शिकायला कितीतरी जास्त. कारण वळणावर हत्यार वळवायचंच नाही, प्लेट वळवायची. प्लेट वाळू भरलेल्या गोल चामडी पिशवीवर ठेवा, उजवा हात जवळजवळ जागेवर, डावा हात प्लेट हत्याराकडे फिरवतो. हत्यार वळवलं की टोकावर आडवा ताण येतो आणि ते मोडतं. नवशिक्यांची टोकं मोडतात ती बहुतेक इथेच.

रेघ जाड करायची तर एका झटक्यात खोल जाऊ नका. त्याच रेघेतून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जा. मूठ थोडी उचलली की खोल, टेकवली की वर. घसरलं तर हत्यार प्लेटभर एक लांब ओरखडा करून थांबतं, म्हणून डावा हात कधीही हत्याराच्या पुढे ठेवू नका.

उभ्याआडव्या जाळीबद्दल एक नियम. पहिल्या रेघांची बर तीनधारी स्क्रेपरने (खरवडणीने) काढल्याशिवाय त्यांच्यावरून दुसऱ्या रेघा नेऊ नका. टोक आधीच्या खड्ड्यात पडतं आणि उडी मारून बाहेर येतं, प्रत्येक छेदावर काळा डाग तयार होतो. दुसरी फळी पहिलीपेक्षा थोडी उथळ असावी, कोनही काटकोनापेक्षा तिरपा. नेमका काटकोन केला की कापडाचं विणकाम दिसायला लागतं. ड्यूररच्या प्लेटा यासाठी भिंगातून तपासाव्यात. तो जाळीला वस्तूच्या वळणाबरोबर वळवतो.

मान्तेन्याची रीत वेगळी. तिरक्या समांतर रेघा, टाकाच्या रेखाटनासारख्या, मधून मधून बारीक रेघांची भर. जाळी फारशी नाहीच. त्या रेघा उथळ, त्यामुळे प्लेटा लवकर झिजल्या आणि नंतरचे ठसे फिकट निघाले. त्याच्या वाटेने जायचं असेल तर आधीच ठरवा, किती ठसे काढायचेत.

कागदओला

रेखाटन प्लेटवर उतरवायला पारदर्शक जिलेटिनची शीट घ्या. चित्र सुलट ठेवून तिच्यावर सुईने रेखाटा, ओरखड्यांत लाल खडूची पूड भरा, बाहेरची पुसा आणि मेणाचा पुसट थर दिलेल्या प्लेटवर पालथी घालून घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं, छापल्यावर सुलट येतं. उजेड खिडकीचा घ्या, पण मध्ये ट्रेसिंग पेपर ताणून लावा. थेट उजेडात तांबं इतकं चकाकतं की रेघच दिसत नाही. काम किती झालंय हे बघायला काजळी आणि तेल रेघांत भरून वरचं पुसून टाका.

ताम्रपट

छापण्यात सर्वांत जास्त काय बिघडतं? लख्ख पुसायला गेलं की रेघेतलीच शाई निघून येते. आणि पुसायला टार्लाटनच्या जाळीदार कापडाऐवजी मच्छरदाणी?

कागदओला

नायलॉनची मच्छरदाणी नको, ती रेघेत शिरून शाई उपसते. दवाखान्यातलं बँडेजही नको, फार मऊ. खळ घातलेलं जाळीदार सुती कापड हवं, त्याचा सैल चेंडू करा.

शाई घट्ट असावी. श्रीखंडासारखी, पिठल्यासारखी नाही. काळं रंगद्रव्य जवसाच्या उकळलेल्या तेलात घोटलेलं. तेल वाढलं की रेघेला मिशा फुटतात. प्लेट इतकी गरम करा की हाताच्या पाठीला सहन होईल. मग शाई रेघेत शिरते. पुसताना प्लेट निवू द्या, तोपर्यंत शाई पुन्हा घट्ट होते. आधी कापड, गोल गोल हलक्या हाताने. शेवटी तळहात. त्यावर खडूची पूड अगदी नावापुरती, मग टाळी वाजवून झटकलेली. हात रेघांच्या दिशेने नाही, तिरपा फिरवा, आणि दाबू नका. पूड जास्त झाली तर ती शाईत मिसळते आणि काळा राखाडी होतो.

कागद सुती चिंध्यांचा, २५० ग्रॅमच्या आसपास, खळ असलेला. पंधरा-वीस मिनिटं पाण्यात, टिपकागदात टिपून प्लास्टिकमध्ये गुंडाळून वजनाखाली रात्रभर. सकाळी कागद थंड आणि लवचीक लागला पाहिजे, पण पृष्ठभागावर पाण्याची चमक नको. चमक असेल तर शाई पसरते. कोरडा असेल तर बारीक रेघा तुटक येतात. तुटक रेघ आली की लोक लगेच प्रेस आवळतात. आधी कागद बघा.

दाब : तीन नमदे, कागदाच्या मागे प्लेटची कड आणि मुख्य रेघा बोटाला उंच लागल्या की पुरे.

भिंगवाले

आणि ठसे किती? तांब्याच्या कोरीव प्लेटवरून नीट छापलं तर शेकड्यांनी. ड्रायपॉइंटची बर काही डझनांतच बसते. जास्त हवे असतील तर तांब्यावर विजेने लोखंडाचा सूक्ष्म थर चढवतात, झिजला की उतरवून पुन्हा. ही सोय एकोणिसाव्या शतकातली, त्यामुळे १९२० च्या दशकातले कमी संख्येचे संच हे तांत्रिक नाइलाजापेक्षा बाजाराचं गणित आहे. १९२९ च्या मंदीत तो बाजार कोसळला.

पाटावरवंटा

आणि शेवटी यांच्यातले दोघे नोटांकडेच गेले! बँक ऑफ इंग्लंडची १९५७ ची पाच पौंडांची शिरस्त्राणवाली ब्रिटानिया गुडनची, ती त्याच्या मृत्यूनंतर चलनात आली. राणीचा चेहरा असलेली १९६० ची एक पौंडाची नोट आणि पुढच्या वर्षीची दहा शिलिंगांची ऑस्टिनची. नोटेला ही रेघ का लागते हे नाशिककरांना सांगायला नको. १९२८ पासून नोटा तिथे छापल्या जातात. उठावदार शाई बोटाला लागते ती खोल कोरलेल्या रेघेमुळेच.

ताम्रपट

शेवटची शंका. चुकीची रेघ कोरली गेली आणि ती खोल असेल तर?

सहाण

उथळ असेल तर स्क्रेपरने खरवडा आणि तेल लावून बर्निशरने (गुळगुळीत पोलादी घोटणीने) दाबून घोटा. खोल असेल तर खरवडल्यावर तिथे खळगा राहतो. त्यात शाई साठते आणि ठशावर राखाडी डाग येतो. तेव्हा कॅलिपरचं एक टोक खळग्यावर ठेवून दुसऱ्या टोकाने प्लेटच्या मागे खूण करा. प्लेट पोलादी ऐरणीवर पालथी घाला, मध्ये जाड कागद, आणि खुणेवर गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके द्या, खळगा वर येईपर्यंत. मग पुढून पॉलिश पेपर १२०० ने सपाट करा. थोडा कमीच उचला. जास्त वर आला तर तो भाग पुसताना आधी कोरडा पडतो, आणि त्या जागच्या नव्या रेघा फिक्या छापल्या जातात.